पेशीपटलात सापडलेला स्पंज

सी स्लग म्हणजे कवच नसलेली समुद्री गोगलगाय. तिच्यातल्या न्यूडिब्रँक गटातल्या कित्येक जाती खाण्यात कमालीच्या चोखंदळ असतात, ठरावीक स्पंजांपलीकडे कशाला तोंड लावत नाहीत. या स्पंजची मेदाम्लं (चरबीचा घटक असलेल्या कार्बनच्या लांब साखळ्या) तिच्या पेशीपटलापर्यंत, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणापर्यंत, पोहोचतात का, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता.

पहिली अडचण पोटाचीच. आख्खा प्राणी वाटून घेतला, तर आतल्या अर्धवट पचलेल्या स्पंजचीच मेदाम्लं मोजली जाणार. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पचनग्रंथी वेगळी केली आणि ज्याच्यावर गोगलगाय सरकते तो पावलाचा स्नायू वेगळा. ग्रंथी फुटली की रस सगळीकडे पसरतो आणि तो नमुना बाद. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो द्यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

मेद काढायला फोल्शची 1957ची पद्धत वापरली: दोन भाग क्लोरोफॉर्म, एक भाग मिथेनॉल. त्यात थोडं मिठाचं पाणी घातलं की दोन थर पडतात आणि मधे प्रथिनांची पांढरट साय धरते. मेद असतो खालच्या, क्लोरोफॉर्मच्या थरात. सायीला धक्का न लावता काचेचं पिपेट खाली उतरवायचं आणि तो थर ओढून घ्यायचा. भांडी काचेचीच, कारण क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधली द्रव्यं बाहेर काढतो. द्रावक उडवायचा तोही नायट्रोजनखाली, नाहीतर बहुअसंपृक्त (एकाहून जास्त दुहेरी बंध असलेली) मेदाम्लं हवेनं खराब होतात.

मग मेदाचे प्रकार वेगळे करायला सिलिकाचा स्तंभ. क्लोरोफॉर्मबरोबर साठवणीची चरबी उतरते, अ‍ॅसिटोनबरोबर ग्लायकोलिपिडं (साखर जोडलेले मेद), मिथेनॉलबरोबर फॉस्फोलिपिडं, म्हणजे पेशीपटल ज्यांचं बनतं ते मेद. ही पायरी गाळू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. साठवणीत खाल्लेलं दिसणारच, खरा प्रश्न पटलाचा आहे. (शैवालाचा रस शोषून त्यातली हरितलवकं जिवंत ठेवणाऱ्या एलिसियावर काम करत असाल, तर अ‍ॅसिटोनचा भाग जपा. हरितलवकांच्या पटलातली गॅलॅक्टोलिपिडं त्यातच येतात.)

मेदाम्लं एकेक करून वेगळी करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर पावलाच्या फॉस्फोलिपिडांचा आलेख निघाला, आणि नेहमीची सगळी शिखरं संपल्यावर, पार शेवटी, 26 कार्बनच्या आसपास आणखी काही शिखरं उभी राहिली. इतकी लांब मेदाम्लं ही स्पंजची खूण. पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. मृदुकाय प्राणी (गोगलगायी त्यांतल्याच) स्वतःही दूरदूर दुहेरी बंध असलेली मेदाम्लं बनवतात. त्यांची 22 कार्बनची असतात आणि बंध 7 व 13 किंवा 7 व 15 या जागी. स्पंजच्या लांब मेदाम्लांत ते 5 आणि 9 या जागी असतात.

गॅस क्रोमॅटोग्राफसाठी मेदाम्लांचे मिथाइल एस्टर करतात, पण त्यांवरून बंधांची जागा कळत नाही, म्हणून त्यांचं पायरोलिडाइड हे दुसरं रूप बनवलं. वस्तुमान वर्णपटात (रेणूच्या तुकड्यांच्या वजनांच्या आलेखात) 180वर ठळक रेघ आली, की बंध 5 आणि 9वर. ती रेघ आली! त्याच स्पंजचा तुकडा त्याच पद्धतीनं चालवला, तिथेही तेच शिखर, त्याच वेळेला. 22 कार्बनची मेदाम्लं मात्र स्पंजच्या आलेखात नव्हती, ती गोगलगायीची स्वतःची. एकाच पावलाच्या पटलात दोन्ही शेजारी शेजारी होती.