चेरीच्या वासाची वेणी

"आई, घरात कूल-एड आहे का गं?"

शनिवारची संध्याकाळ. लेकीची वर्गमैत्रीण आमच्याकडे राहायला आलेली. पोरींना सरबत हवंय असं समजून मी म्हटलं, फ्रिजमध्ये कोकम आहे, ते घ्या. दोघी एकमेकींकडे बघून फिसकन हसल्या. "प्यायला नाही गं. डोक्याला!"

सोमवारी शाळेत 'क्रेझी हेअर डे' होता. इथल्या शाळांत अधूनमधून असा एखादा आठवडा येतो: एक दिवस रात्रीच्या पायजम्यात जायचं, एक दिवस दोन पायांत दोन रंगांचे मोजे, आणि एक दिवस डोक्याचा जमेल तेवढा अवतार करून. काळ्याऐवजी लाल रिबीन बांधली म्हणून तासभर वर्गाबाहेर उभी राहिलेली मी, मला हे अजून नीटसं पचत नाही. पण लेक अकरा वर्षांची आहे आणि या गावात वाढतेय.

गाव म्हणजे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं लिंकन. आणि कूल-एड, म्हणजे पाण्यात कालवायची सरबताची पावडर, तर अस्सल इथलं. आमच्यापासून दीडेकशे किलोमीटर पश्चिमेला, मक्याच्या शेतांमधून गाडी हाकत गेलं की हेस्टिंग्ज लागतं. तिथे एडविन पर्किन्स नावाच्या उद्योगी गृहस्थाने १९२७ साली ही पावडर काढली. त्याआधी तो 'फ्रूट स्मॅक' नावाचं पातळ सिरप बाटल्यांतून विकायचा. बाटल्या जड, पोस्टाने पाठवायला महाग, वर वाटेत फुटायच्या. मग त्याने पाणीच काढून टाकलं. सुरुवातीला पुडी दहा सेंटला होती. मंदीच्या काळात, जेव्हा बाकीच्यांना दुकानं बंद करायची वेळ आली, तेव्हा याने ती पाच सेंटवर आणली आणि खप वाढवला. १९९८ मध्ये नेब्रास्काने कूल-एडला राज्याचं अधिकृत 'सॉफ्ट ड्रिंक' ठरवलं. (अधिकृत 'पेय' मात्र दूध. दोन्ही खाती वेगळी ठेवलीत. दुग्धव्यवसायवाल्यांना दुखवायचं नाही, हे राजकारण आपल्याला कोल्हापूर-सांगलीकडून चांगलं ठाऊक आहे.) दर ऑगस्टमध्ये हेस्टिंग्जला कूल-एडची जत्रा भरते, तिथल्या संग्रहालयात त्याचं दालनही आहे.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी रसना आठवावं. फरक इतकाच की जुन्या पद्धतीच्या पुडीत साखर नसते. तळहातावर मावेल अशी चपटी पुडी, आत चार-पाच ग्रॅम पावडर. कपभर साखर आणि सुमारे दोन लिटर पाणी आपण घालायचं. केसांसाठी ही बिनसाखरेचीच पुडी लागते. गोड मिश्रणाचा डबा आणलात तर डोक्यावर पाक होईल.

पोरींना कामाला लावायच्या आधी मी मैत्रिणीच्या आईला फोन केला. दुसऱ्याच्या लेकीच्या केसांना न विचारता हात लावायची आपली सवय इथे चालत नाही. ती हसली आणि म्हणाली, खुशाल करा, मी शाळेत असताना हेच करायचे, फक्त शेंड्यांनाच लाव. मनगटावर थेंबभर लावून खाज येत नाही ना, तेवढं बघून घेतलं आणि सुरुवात केली.

दोन कप पाणी उकळलं, त्यात चेरीच्या तीन पुड्या. पावडर फिकट गुलाबी, बाळाच्या टाल्कम पावडरीसारखी निरागस. पाण्यात पडताच मात्र तिने असा लालभडक रंग सोडला की मी एक पाऊल मागे सरले. लाकडी उलथनं त्यात बुडवलं ही चूक. ते अजून गुलाबी आहे. पाणी हाताला सोसेल इतकं निवल्यावर मोठ्या मगात ओतलं. पाहुणी पोरगी खुर्चीवर, पाठ ओट्याकडे, खांद्यावर जुना टॉवेल, मानेला व्हॅसलिन. तिचे केस मक्याच्या कणसातून निघणाऱ्या रेशमासारखे. शेंडे मगात सोडले. पाच मिनिटांत टोकं गुलाबी, दहा मिनिटांत लाल. नुसत्या गार पाण्याने धुतले, तरी रंग हलेना. स्वयंपाकघरात फोडणीच्या वासावर मात करून चेरीच्या गोळ्यांचा वास भरला होता.

मग आमची बाई बसली. कमरेपर्यंत वेणी, काळीभोर. तोच मग, एक पुडी वाढवून. दहा मिनिटं. वीस मिनिटं. तीस. धुतली, पुसली, खिडकीशी नेऊन उन्हाच्या तिरिपेत धरली. फार डोळे ताणून बघितलं तर जांभळासारखी किंचित झाक. आत आलं की तीही गायब.

लेकीचं तोंड एवढंसं झालं.

खरं तर मेंदी लावणाऱ्या बाईला हे आधीच कळायला हवं होतं. काळ्या केसांवर मेंदी नुसती झळाळी देते, पांढऱ्यांवर केशरी उठते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. मेंदीत आपण लिंबू पिळतो. या पुडीतही मुख्य माल म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपल्या ढोकळ्यातलं लिंबाचं फूल. मेंदीचं गणित वेगळं, पण इथे ते आंबटपण फार मोलाचं काम करतं. केस म्हणजे केरॅटिन, एक प्रथिन. आंबट पाण्यात या प्रथिनावर धन भार येतो, खायच्या रंगाच्या कणांवर ऋण भार असतो, आणि दोघं एकमेकांना चिकटतात. कोमट पाण्याने केसाचे खवले जरा सैल होतात, रंग आत शिरतो. पण रंग मिळाला तरी केसातलं मूळचं काळं कुठे जाणार? काळ्या पाटीवर लाल पेन्सिलीने लिहिल्यासारखं. काळं घालवायचं तर ब्लीच.

"मग ब्लीच कर ना." लेक लगेच म्हणाली.

नाही म्हणजे नाही. अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर मी ब्लीच घालणार नाही, आणि यावर आमच्या घरात मतदान होत नाही. हुंदका आला, दार आपटलं, यथासांग सगळं झालं.

कोंडी फोडली पाहुणीने. माझ्याकडे नीट निरखून बघत ती म्हणाली, "तुमच्याकडे आहेत की पांढरे. ते बघा, कानाजवळ."

पोरं खरं बोलतात. गेला महिनाभर मेंदी लावायला वेळ झाला नव्हता आणि उजव्या कानशिलावर बोटभर पांढरी बट होती. म्हटलं, चला. उरलेल्या रंगात बट बुडवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पंधरा मिनिटांनी धुतली तर डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल! दारामागून हुंदके थांबून खिदळणं सुरू झालं होतं.

पण सोमवारचा प्रश्न तसाच. तेव्हा आठवलं की इथल्या विणणाऱ्या बायका याच पुड्यांनी लोकर रंगवतात. लोकरही केरॅटिनच. आईने मिरजेहून पाठवलेल्या स्वेटरच्या लोकरीची उरलेली पांढरी गुंडी होती, ती घातली उकळत. अर्धा तास झाला, गुंडी जशीच्या तशी पांढरी. ओलीचिंब आणि निर्विकार. मग डोक्यात प्रकाश पडला: आपण जिला लोकर म्हणत आलो ती बहुतेक कॅशमिलॉन, म्हणजे ॲक्रिलिक. तिच्यात प्रथिन कुठलं? इथे घेतलेल्या दोन-तीन लड्या कपाटात होत्या, वेष्टनावर शंभर टक्के वूल लिहिलेल्या. त्यातली एक आधी साध्या पाण्यात भिजवून मंद आचेवर ठेवली, फार न ढवळता, कारण जास्त ढवळलं की लोकरीचा नमदा होतो, तंतू गुंतून घट्ट होतात. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर पातेल्यातलं पाणी जवळजवळ स्वच्छ आणि लडी लाल. सगळा रंग तिने पिऊन टाकला होता. ते बघायला पोरी दोनदा झाकण उघडून गेल्या.

दुसरी लडी निळ्या पुडीत, तिसरी द्राक्षाच्या. द्राक्षाचा रंग लोकरीवर सुरेख जांभळा आला; मैत्रिणीने हट्टाने स्वतःच्या एका बटेला लावला तर पिवळसर केसांवर चिखली झाला. लाल, निळा आणि खालचा पिवळा मिळून दुसरं काय होणार.

रविवारी रात्री लोकर वाळल्यावर लेकीच्या वेणीत ती गुंफली. माझ्या आजीकडे काळं गंगावन होतं, हे तिरंगी. खाली गोंडे. लेक आरशासमोर डोकं हलवून हलवून बघत होती. "हे माझ्या केसांपेक्षा भारी आहे," असं तीच म्हणाली, मी नाही.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, "अगं, सरबत डोक्याला? मुंग्या लागतील!" साखर नसते हे तीनदा समजावलं. दुसरा प्रश्न, उशीचं काय? त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: पाहुणीच्या उशीच्या अभ्र्यावर गुलाबी पंखा उमटला होता. घामाने, पावसाने रंग ओघळतो, म्हणून पांढरे कपडे नकोत. डोळ्यांत गेलं तर लिंबू गेल्यासारखं झोंबतं.

माझी बट शाम्पूने जाईल अशा भरवशावर मी होते. सोमवारी ती तशीच लाल घेऊन ऑफिसला गेले. दोन जणींनी कुठल्या सलोनमध्ये केलं विचारलं. मी सांगितलं, वाणसामानाच्या दुकानात, सरबताच्या रांगेत. तीन आठवडे झाले, खायच्या सोड्याने दोनदा धुतली, आता गुलाबी आहे. हल्ली मी ती कानामागे सारत नाही.

हे सगळं आणखी किती दिवस चालेल कोण जाणे. जून २०२५ मध्ये क्राफ्ट हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीने जाहीर केलं की २०२७ संपेपर्यंत अमेरिकेतल्या आपल्या पदार्थांतून कृत्रिम रंग काढून टाकणार, आणि कूल-एड त्यांचंच. पोटासाठी चांगलंच. पण बिटासारखा नैसर्गिक रंग केसांवर असा बसत नाही. बीट चिरणाऱ्या कुणालाही विचारा, हातावरून संध्याकाळपर्यंत उतरतो.

गेल्या रविवारी आईचा पुन्हा फोन आला. काळ्या डायने कपाळावर पुरळ उठायला लागल्यापासून तिने तो सोडलाय, आता डोकं कापसासारखं पांढरं आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "डिसेंबरमध्ये येशील तेव्हा त्या पुड्या आण गं दोन-चार. बघू तरी." आणि फोन ठेवता ठेवता, "द्राक्षाची नको."