पाण्यातलं टेकाड

मराठवाड्यात पेपर हातात आला की माणूस आधी जायकवाडीचा आकडा बघतो, राशिभविष्य नंतर. परवा दुपारी जेवून आडवा झालो होतो. जिवंत साठ्याची चौकट डोळ्यांसमोर आली आणि मला भलतंच आठवलं, मामाच्या गावासमोरचं बेट.

बेट कसलं, टेकाडच ते. १९७६ साली जायकवाडीचं धरण पुरं झालं. गोदावरी अडली, काळी रानं आणि गावठाणं नाथसागरात गेली, उंचावरचं तेवढं डोकं वर काढून राहिलं. १९८६ पासून हा सगळा जलाशय पक्षी अभयारण्य. हिवाळ्यात रोहित येतात, चक्रवाक येतात, मग दुर्बिणी लावून शहरातली मंडळीही येतात. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र तिकडं काळं कुत्रं फिरकत नाही. आणि खरी गंमत तेव्हाच असते.

शेजारचे तात्या भोई. एका सकाळी ते चप्पू घेऊन जाळी काढायला निघाले आणि मी हट्ट धरला. "पोहता येत नाही हो त्याला," मामी म्हणाली. "बसतो गुमान, काय होतंय?" असं म्हणून तात्यांनी मला उचललंच. टेकाडाजवळ आलो तशा नदी सुरय उठल्या. काळी टोपी, पिवळीजर्द चोच, आणि आवाज तर असा की भांडणच. "टावेल घे डोक्यावर," तात्या म्हणाले, "टोचती ती." काठाच्या मुरमात घरटं म्हणावं असं काहीच नव्हतं, एक काडीसुद्धा नाही. तात्यांनी बोट दाखवलं तिथं मी बघत राहिलो आणि बऱ्याच वेळानं तीन खड्यांची तीन अंडी झाली. मातकट, वर तपकिरी शिंतोडे. मी पाय खाली सोडला तर दंडाला धरून मागं ओढलं. "उतरायचं न्हाई. दिसत न्हाईत, फुटत्यात."

अजूनही मी कुठल्या बेटावर उतरत नाही. मित्र हसतात, हसू देत.

त्या पाखराला कुंपण म्हणून पाणीच. धरणात १०२ टीएमसी मावतं, त्यातलं २६ मृत साठ्याचं, म्हणजे तळाशी काहीतरी उरतंच. पण पाणी तिथवर उतरायच्या कितीतरी आधी टेकाड जमिनीला जोडलं जातं. मग कुत्री चालत जातात, शेळ्या जातात, आणि त्यांच्यामागं पोरं.

पाणी हटावं म्हणून डोळे लावून बसलेली माणसंही त्याच गावात होती. गाळपेरीला जमीन मोकळी होते, हरभरा निघतो, टरबुजं निघतात. आमच्या आजीला टरबुजांचं काही नव्हतं. पाणी फारच खाली गेलं की जुन्या गावच्या भिंतींचे पाये उघडे पडायचे. ती चिखल तुडवत जायची आणि आपली चूल कुठं होती ते आम्हाला दाखवायची. दर वेळी जागा थोडी वेगळीच असायची. मामा कधी बोलला नाही.

आजी गेली ती ऐन उन्हाळ्यात. पुनर्वसनाच्या गावाला तोवर स्मशानाची जागा मिळालेली नव्हती. तिला गाळपेरीच्या कडेला नेलं. जून-जुलैनंतर तिथं पाणी चढतं, हे सगळ्यांना माहीत होतं.