थेट अध्यक्ष का नको?

राज्यशास्त्र शिकवतो असं कळलं की लग्नकार्यात, एसटीत, कुठेही हा प्रश्न येतो : "सर, आपल्याकडे अमेरिकेसारखा थेट निवडलेला अध्यक्ष का नको? फोडाफोडी, सरकारं पाडणं, सगळं एकदाचं थांबेल." तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट लिहितो. माझं उत्तर 'नको' असं आहे.

राज्यपद्धती ताडून बघताना आपण निवडणुकीपाशीच थांबतो. मी त्याच्या पुढचं बघतो. दोन निवडणुकांच्या मधे राज्यकर्ता चुकला, तर त्याला जाब विचारून घरी पाठवायची सोय आहे का? डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना हीच कसोटी लावली होती. अमेरिकी आणि स्विस पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. ब्रिटिश पद्धतीत उलट. तिथे सरकारचं मूल्यमापन निवडणुकीत तर होतंच, पण सभागृहात रोजही होतं. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

अमेरिकेत कारभार वाईट आहे एवढ्यावरून अध्यक्षाला हटवता येत नाही. देशद्रोह, लाचखोरी किंवा तसाच गंभीर गुन्हा ठेवावा लागतो आणि सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. क्लिंटन यांच्यावर एकदा आणि ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग चालला, तेही सुटले. आजवर एकही अध्यक्ष या मार्गाने पायउतार झालेला नाही. निक्सन गेले ते १९७४ साली स्वतः राजीनामा देऊन.

मग अध्यक्ष आणि संसद यांचं पटलं नाही तर? अमेरिकेत २२ डिसेंबर २०१८ पासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून खर्चाची मंजुरी अडली आणि ३५ दिवस अनेक सरकारी खाती बंद पडली. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. आपल्या लोकसभेत अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकारला जावं लागतं. तिथे अध्यक्ष जागेवर, संसद जागेवर, आणि झळ कर्मचाऱ्यांना.

हे दूरचं वाटत असेल तर गावात बघा. महाराष्ट्रात २०१७ साली सरपंचाची थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलचं, अशी ग्रामपंचायत ज्यांनी पाहिली आहे त्यांना मासिक सभेत ठराव कसे अडतात हे मी सांगायला नको. दोघांनाही लोकांनीच निवडलेलं, मग माघार कुणी घ्यायची?

तरीही तुमची तक्रार खरी आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. ज्यांनी पाडलं त्यांना पर्यायी सरकार देता आलं नाही आणि देशाला पुन्हा निवडणुकीला सामोरं जावं लागलं. या दुखण्यावरचा इलाज मला अमेरिकेत नाही, जर्मनीत दिसतो. १९३०च्या आसपास तिथल्या संसदेत नाझी आणि कम्युनिस्ट सरकारच्या विरोधात एकत्र मत देत. पण मिळून सरकार चालवणं त्यांना शक्यच नव्हतं. ती होरपळ लक्षात ठेवून १९४९च्या राज्यघटनेत ६७वं कलम आलं : चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुखाला, हटवायचं तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर बहुमताने निवडायचा. १९७२ साली विली ब्रांट यांच्याविरुद्ध हा प्रयत्न फसला. १९८२ साली साधला : हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच मतदानाने हेल्मुट कोल आले. देश एक दिवसही सरकारविना राहिला नाही.

आपण मात्र १९८५ साली पक्षांतरबंदी आणून सरकार टिकवायचा वेगळाच रस्ता धरला. पक्षादेश (व्हिप) मोडला की खासदारकी जाऊ शकते. घाऊक फुटीला त्याने आळा बसला नाही, हे महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पुरेसं पाहिलं आहे. पण एखाद्या विधेयकावर मनापासून वेगळं मत असलेला एकटा खासदार गप्प झाला. आंबेडकरांना अभिप्रेत असलेली रोजची झडती तिथेच बोथट झाली, असं मला वाटतं. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. म्हणूनच २०२२ साली पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना त्यांच्याच पक्षाचे खासदार आणि मंत्री जायला भाग पाडू शकले, आणि त्यासाठी सार्वत्रिक निवडणूक घ्यावी लागली नाही.

तेव्हा बदल करायचाच असेल तर दोन करा. अविश्वासाचा ठराव जर्मनीसारखा असावा. आणि पक्षादेशाची सक्ती सरकार टिकण्या-पडण्याशी थेट संबंध असलेल्या मतदानापुरतीच ठेवावी. निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच या दिशेची शिफारस केली होती. ती अजून अमलात आलेली नाही.