बार मिट्झवाचा गुरुवार

थोरल्याचा जन्म ३१ जानेवारी २०१२ चा. पण आम्ही ज्यू, आणि मुलगा धर्मानं मोठा झाल्याचा विधी, बार मिट्झवा, आम्ही धरतो हिब्रू तिथीनं, म्हणजे शेवात महिन्याच्या सातव्या दिवशी, आणि २०२५ साली तो ५ फेब्रुवारीला, बुधवारी येत होता. त्याच आठवड्यातला शनिवार, ८ तारीख, आम्ही सहा महिने आधीच मनात पक्का केला होता. मुलगा तेरा वर्षांचा झाला की शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळच्या आमच्या विश्रांतीच्या दिवशी, सगळ्यांसमोर तोरा हा आमचा धर्मग्रंथ वाचतो, आमच्या घरात असंच होत आलंय. सासऱ्यांचं तसंच झालं, नवऱ्याचंही.

जानेवारीत शाळेचं वेळापत्रक हातात पडलं. युनिट टेस्ट, गणित, शनिवार ८ फेब्रुवारी.

मी शाळेत गेले. एका मुलासाठी पेपर पुढे ढकला असं माझं म्हणणंच नव्हतं, नंतर वेगळा घ्याल का एवढंच विचारलं. ‘सुट्ट्यांच्या यादीत तर तुमचा सण दिसत नाही,’ असं उत्तर आलं. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिलाय, ते मी सांगितलं. ऐकून घेतलं, अर्ज ठेवून घेतला, आणि तो तिथेच राहिला. रिक्षात बसल्यावर माझे डोळे भरून आले. आपण कोण हे दर वेळी पहिल्यापासून सांगायचं, याचा थकवा काही वेगळाच असतो.

पण खरा धक्का घरी बसला. मुलगा म्हणाला, ‘आई, तू शाळेत गेलीसच का? मला नाही वेगळा पेपर द्यायचा. सगळे विचारत बसतात.’ मग जे तुंबलं होतं ते सगळं बाहेर आलं. शुक्रवारी दिवे लावले की फोन कपाटात जातो. शनिवारच्या मॅचचं ग्रुपवर ठरतं, ते त्याला मॅच संपल्यावर कळतं. वाढदिवसाच्या पार्टीत आम्हाला वर्ज्य असलेल्या कोळंबीची प्लेट पुढे सरकवायची आणि ‘ॲलर्जी आहे का रे?’ याला मान डोलवायची. सासरे शांतपणे म्हणाले, ‘अरे, कुलाबा जिल्ह्यात, आताच्या रायगडात, आपल्या लोकांना शनवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद.’ तो म्हणाला, ‘त्यांना युनिट टेस्ट नव्हती, आजोबा.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं शनिवारी काय करायचं नाही तेवढंच आपण त्याला सांगत आलो, असं सारखं वाटत राहिलं. त्या दिवसात त्याच्यासाठी काय आहे ते दाखवायचं राहूनच गेलं.

वाट काढून दिली ती प्रार्थना चालवणाऱ्या हझ्झानसाहेबांनी. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, ‘तोरा काय फक्त शनिवारीच वाचतात? सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचतात. बुधवारी तो तेरा पुरा करतोय. गुरुवारी घ्या.’ गुरुवारी वाचन छोटं असतं, हफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला जोडपाठ, नसतो. शिवाय शब्बाथला तेफिल्लीन, म्हणजे हाताला आणि कपाळाला चामड्याच्या पट्ट्यांनी बांधायच्या प्रार्थनेच्या डब्या, बांधत नाहीत, गुरुवारी बांधतात, म्हणजे मुलाला तेही सर्वांसमोर बांधता येईल. आणि त्याची शाळा दुपारची.

मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘चालेल.’ त्या एका शब्दासाठी मी किती आठवडे थांबले होते!

मग तयारीला जोर आला. वाचायचं होतं बेशल्लाख या पाराशाच्या, म्हणजे त्या आठवड्याच्या तोरापाठाच्या, सुरुवातीचं. सासऱ्यांच्या जुन्या वहीत हिब्रू शब्द देवनागरीत उतरवलेले आहेत, मुलाला तीच हवी होती. हझ्झानसाहेब नाही म्हणाले, कारण तोराच्या गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात, सुरांच्याही नसतात, नुसती अक्षरं. तिथे वही उपयोगाची नाही. त्यांनी दोन रकान्यांचं पान दिलं, एकात खुणांसकट, दुसऱ्यात खुणांशिवाय. खुणांचा रकाना हातानं झाकून तो रोज रात्री बसायचा. चाल सासऱ्यांनी फोनवर रेकॉर्ड करून दिली होती. त्याचा आवाज नुकताच फुटलेला. ‘वायही बेशल्लाख पारो’ म्हणताना ‘पारो’वर दर वेळी चिरकायचा, चिडून पान आपटायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. अर्थ विचारला तेव्हा सासऱ्यांनी सांगितला: मिसरच्या राजानं, फारोनं, इस्राएल लोकांना सोडलं, तेव्हा देवानं त्यांना पलिष्ट्यांच्या देशातल्या जवळच्या वाटेनं नेलं नाही, लढाई बघून ते मिसरला परत फिरले असते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे घाबरलेले होते, हे देवाला माहीत होतं.’

शेवटची अडचण मिन्यानची, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांची. आमच्या ठाण्यातलं शआर हशामायिम हे सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८७९ सालचं. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणतात. शब्बाथला माणसं जमतात, पण गुरुवारी सकाळी दहा पुरुष? निम्मे नातेवाईक इस्राएलला, उरलेले लोकलमध्ये. मी आणि नवऱ्यानं आठवडाभर फोन केले. त्या सकाळी सात वाजता नऊ जण होते. मी वर बायकांच्या गॅलरीतून दाराकडे बघत होते. हझ्झानसाहेबांनी मोजलं, मुलाकडे बोट दाखवून ‘दहा’ म्हणाले आणि प्रार्थना सुरू केली. मुलानं वर माझ्याकडे पाहिलं. डाव्या हातावर चामड्याचे सात वेढे त्यानं स्वतः घेतले होते, दोन सैल पडले ते आजोबांनी सरळ केले. ‘पारो’वर आवाज चिरकलाच. तो थांबला नाही.

संध्याकाळी घरी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, पाच फळं. एलियाहू हनाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, नाव घेतलं. त्याचे शाळेतले चार मित्र आले होते. एकानं तीनदा मागून घेतला.

शनिवारी त्यानं गणिताचा पेपर दिला. निर्णय मी त्याच्यावर सोडला होता, आणि तो मला बोचला. अजूनही बोचतो. सासरे त्या दुपारी जेवताना बोलले नाहीत. पण आदल्या शुक्रवारी किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीच्या आशीर्वादासाठी, काळ्या मनुका त्यानंच भिजत घातल्या, गाळून सरबतही केलं, आणि फोन न सांगता कपाटात ठेवला.

मागच्या सोमवारी सकाळी साडेसहाला घरात फोन वाजला. माझा नव्हता, त्याचा होता. मिन्यानला एक जण कमी होता. तो मोजे शोधत, तेफिल्लीनची पिशवी काखेत मारून दारापर्यंत गेला. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, तोराच्या ओळी असलेल्या डबीला, हात लावून ओठांना टेकवला आणि तिथूनच ओरडला, ‘आई, दप्तर आणि डबा तिकडेच आणून दे, मी तसाच क्लासला जातो.’