हात न टेकता उठणं: झेरॉक्सवर न लिहिलेलं

साठी उलटल्यावर व्यायाम सुरू करताना बूट, सकाळची वेळ, चालणं हे सगळं पटापट जमून जातं. घोडं अडलं ते फिजिओथेरपीच्या ओपीडीत हातात पडलेल्या एका झेरॉक्सपाशी. बाकावर ताटकळत बसवून दिलेल्या त्या कागदावर खुर्चीतल्या माणसाचं चित्र आणि खाली 'उठा-बसा, १० × ३'. खुर्ची किती उंच, पावलं कुठे, उठताच आलं नाही तर काय, अवाक्षर नाही. "काका, सोपंय, घरी करा" म्हणून पुढचा नंबर पुकारला. सोपं असतं तर ओपीडीची पायरी चढायचं कारणच काय होतं?

तर आधी खुर्ची. जेवणाच्या टेबलाची लाकडी, बैठक १७-१८ इंच, पाठ भिंतीला लावलेली. प्लास्टिकची नको, ती वाकते आणि गुळगुळीत फरशीवर मागे सरकते. सोफा तर नकोच. बूड जितकं खाली, तितका मांडीवर जोर जास्त. हात न टेकता उठता येत नसेल तर बैठक उंच करायची: सतरंजीची घट्ट घडी घालून ३-४ इंच. मऊ उशी दबते, तिचा उपयोग नाही. सलग १० वेळा जमलं की घडीचा एक पदर कमी. एवढी एक ओळ त्या कागदावर असती तर किती गुडघे सुटले असते!

बैठकीच्या पुढच्या अर्ध्यावर सरकून बसा. दोन पावलांत कमरेच्या रुंदीइतकं अंतर, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे. बहुतेकांचं इथेच बिनसतं. पावलं पुढे राहिली की भार खुर्चीवरच राहतो आणि माणूस हिसका देऊन उठू बघतो. कमरेतून पुढे झुका, नाक पायांच्या बोटांच्या वर आलं की पावलांनी जमीन दाबत उठा. गुडघे आत वळू देऊ नका. उठताना श्वास सोडा. रोखून धरला तर रक्तदाब उसळतो. बसताना मनात ४ आकडे मोजा. शेवटच्या काही इंचांत धपकन अंग टाकायचा मोह होतो, पण मांडीला खरं काम तिथेच असतं.

१० × ३ म्हणजे १० वेळा, मग एक-दोन मिनिटं विश्रांती, असं तीनदा, आणि तेही दिवसाआड. कागदावर हेही नव्हतं. मांड्या एक-दोन दिवस ठणकल्या तर चालतं. गुडघा सुजला किंवा सांध्यात कळ आली तर घडी परत वाढवायची.

"रोज पाच किलोमीटर चालतो, मग हे कशाला?" असं बागेतल्या कट्ट्यावर हमखास ऐकायला मिळतं. सपाट रस्त्यावर मांडीवर एवढं ओझं येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहेच, पण स्नायूंच्या ताकदीसाठी किमान २ दिवस आणि तोलावर भर देणारे व्यायाम किमान ३ दिवस, हेही आहे. कट्ट्यावर चर्चा मात्र फक्त पावलांची.

स्वतःची परीक्षा घ्यायची तर हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाला पुरुषांचे १२ पेक्षा आणि बायकांचे ११ पेक्षा कमी भरले तर पडण्याचा धोका जास्त धरतात. हात टेकला की गुण शून्य.

आणि हो, बीपीची गोळी चालू असेल तर पहिल्यांदा उठल्यावर क्षणभर थांबा. गरगरलं तर लगेच बसा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावं. पायमोजे घालून फरशीवर हे करू नये. तोलासाठी ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलायच्या, १० वेळा. चहा उकळेपर्यंत होऊन जातं.