सायलेन्सरचा पाइप जोडायला तीनदा गाडीखाली झोपलो

सकाळी गाडी चालू केली की खालून फट फट फट आवाज यायचा आणि पाच-दहा मिनिटांनी कमी व्हायचा, म्हणून महिनाभर मी लक्षच दिलं नाही. मला वाटायचं इंजिन गरम झालं की आपोआप बरं होतंय. पाइप तापला की पत्रा फुगतो आणि बारीक फट थोडी बुजते, एवढंच होतं ते. मग एक दिवस बायको म्हणाली की सिग्नलला थांबलो की मागच्या सीटवर धुराचा वास येतो, तेव्हा मात्र टरकली. वास येतोय हे एका अर्थी नशीबच, कारण त्या धुरातला जीवघेणा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना रंग ना वास. काचा खाली करून चालवणं हा काही त्यावरचा उपाय नाही, मी दोन दिवस तेच केलं ती गोष्ट वेगळी.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर जॅक लावला, खाली स्टँड दिले (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, कधीच नाही) आणि टॉर्च घेऊन शिरलो. सायलेन्सरचा मागचा डबा आणि मधला डबा यांच्यामधल्या पाइपला, वाकणाजवळ, खालच्या अंगाला, करंगळी जाईल एवढं भोक होतं. ते पाहून मला उलट हायसं वाटलं. एवढंच ना, चिकटवू! पॉलिश पेपरने घासलं, एक्झॉस्टची (म्हणजे धुराच्या पाइपची) भोकं बुजवायची पेस्ट थापली, वरून रिकाम्या टिनच्या डब्याचा पत्रा गुंडाळला आणि दोन होज क्लिपांनी (स्क्रूने आवळायच्या गोल पट्ट्यांनी) आवळला. आवाज बंद. अकरा दिवस. बाराव्या दिवशी फट फट पहिल्यापेक्षा मोठी.

परत खाली गेलो आणि पट्टी काढली तर पेस्ट खडूसारखी सुटून हातात आली, आणि तिच्या पाठीला गंजाचा पापुद्रा चिकटलेला. म्हणजे पेस्ट बिचारी पाइपला नाही, गंजाला धरून बसली होती. तेव्हा जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन पाइप टोचत आणि ठोकत पुढे सरकलो. चांगल्या पत्र्यावर टण्ण वाजतं, कुजलेल्यावर थप्प, कान लावायचीही गरज नाही. भोकापासून तीन इंचांवर स्क्रू ड्रायव्हर सरळ आत गेला! वरून तिथे नुसता तांबूस रंग होता. हा पाइप आतून सडतो, कारण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन बाहेर पडायला पाइप नीट तापावा लागतो, आणि माझं येणं-जाणं तर दोन-तीन किलोमीटरचं, त्यामुळे ते पाणी आतच खालच्या अंगाला साचून राहायचं. म्हणजे भोक कुठे आहे यापेक्षा टण्ण कुठे सुरू होतं हे शोधायचं होतं. दोन्ही बाजूला खडूने खुणा केल्या, मध्ये आठ इंच निघाले.

आता नवा तुकडा. जुन्या पाइपला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला, ४२ मिमी, म्हणून ४२चा पाइप आणला आणि जुन्यावर सरकवायला गेलो तर सरकेना. सरकेल कसा, दोघांचंही बाहेरचं माप ४२! दीड मिमीचा पत्रा धरला तर आतलं माप ३९. एवढी साधी वजाबाकी पाइप हातात घेऊन समजली. पण तो पाइप वाया नाही गेला, त्याचाच आठ इंची तुकडा मध्ये बसवला आणि दोन्ही सांध्यांवर बाहेरून चार-चार इंचांचे स्लीव्ह (पाइपवर चढणारे नळीचे तुकडे) चढवले, त्यांचं आतलं माप साडेबेचाळीस मिमी, प्रत्येक टोकावर दोन इंच. एका अर्थी हे बरंच झालं, आतली वाट सरळ राहिली, धूर कुठल्या कडेवर आपटत नाही. एकात एक घालून जोडणार असाल तर इंजिनकडचा पाइप आत आणि मागचा बाहेर, उलटं केलं तर धूर थेट फटीत घुसतो.

वेल्डिंग करू का, असं वाटलं होतं. पण जुना पत्रा पातळ, माझा हात कच्चा, आणि पेट्रोलची लाइन वीतभर अंतरावर, म्हणून यू क्लॅम्पवरच (पाइपला वेढा घालून नटांनी आवळायची यू आकाराची सळई) थांबलो. (वेल्डिंग करणाऱ्यांनी आधी बॅटरी सोडवा, आणि जस्ताचा मुलामा असलेल्या क्लॅम्पला टाके मारू नका, तो धूर फार वाईट.) स्लीव्हच्या टोकांना हॅक्सॉने इंचभर चिरा पाडल्या म्हणजे क्लॅम्प आवळला की स्लीव्ह खरंच मिटते. कापलेल्या कडांवरची बोचरी धार कानशीने काढली, सांध्यात पेस्ट लावली आणि पहिलाच क्लॅम्प जीव खाऊन आवळला.

तिथेच चुकलो. गाडी फिरवून आणली तर प्रत्येक खड्ड्यात मागून धाडधाड. मागचा डबा तिरका होऊन बॉडीला लागत होता आणि पाइप ज्यांना टांगलेला असतो त्यातलं एक रबरी हँगर तर तंबोऱ्याच्या तारेसारखं ताणलेलं. म्हणजे तिसऱ्यांदा खाली. क्लॅम्प सोडला तरी सांधा हलेना, कारण यू क्लॅम्प पाइपला चिमटा काढतो आणि तापलेली पेस्ट दगड होते. हातोडीने गोल गोल ठोकून, पाइप पान्याने पिळून अर्ध्या तासाने सुटला. यावेळी सगळं हातानेच बसवलं, आधी सगळी रबरं अडकवली, पाइप हलवून बॉडी आणि एक्सलपासून बोटभर मोकळी जागा सगळीकडे आहे ना बघितलं, मग पुढून मागे थोडं थोडं आवळत आलो.

तपासायला गाडी उघड्यावर घेतली, इंजिन थंड असतानाच चालू केलं आणि मुलाला मागच्या नळीवर जाड फडकं क्षणभर दाबायला सांगितलं, म्हणजे धूर सांध्यांतल्या फटींतून बाहेर पडायला बघतो. मी सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. पुढच्या स्लीव्हला बारीक बुडबुडे आले, नट अर्धा आटा फिरवला, थांबले. आठवड्याने परत पाना लावला तर चारपैकी तीन क्लॅम्पचे नट थोडे थोडे फिरले.

एक चूक मात्र होता होता राहिली. मागच्या डब्याच्या तळाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसलं, त्यातून पाण्याचे थेंब टपकत होते, मी उरलेली पेस्ट बोटावर घेऊनच गेलो. पण भोक अगदी गोल, कडा स्वच्छ, आणि बरोबर सगळ्यात खालच्या जागी. ते कंपनीनेच पाडलेलं होतं, आतलं पाणी निघून जायला. पेस्ट फडक्याला पुसली. आता शेजारी सकाळी सांगतात, तुमच्या गाडीतून पाणी गळतंय बरं का.