चौदावा दिवस माझा नव्हताच

दिवस राहत नव्हते म्हणून रक्ततपासणी केली, त्यात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा आकडा अगदी तळाला आला. ‘स्त्रीबीज बाहेर पडत नाही असं दिसतंय’ म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. तपासणी पाळीच्या एकविसाव्या दिवशी केली होती आणि माझी पाळी येते तेहेतीस-चौतीस दिवसांनी. या दोन गोष्टी शेजारी ठेवून कुणी पाहिल्याच नाहीत.

पाहिल्या त्या माझ्या मावसबहिणीने. ती म्हापशाला नर्स आहे. म्हणाली, ‘गोळ्या घ्यायच्या तर घे, पण त्याआधी दोन-तीन पाळ्या सकाळचं तापमान लिहून ठेव. बीज सुटतंय की नाही, ते तुलाच दिसेल.’

त्यामागचं शास्त्र सरळ आहे. बीज बाहेर पडलं की शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि त्याने अंगाचं मूळ तापमान किंचित चढतं, साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सियस. पुढची पाळी येईपर्यंत ते चढलेलंच राहतं. एवढासा फरक टिपायचा, तर झोपेतून उठल्या उठल्याच मोजावं लागतं. पाणी नाही, बोलणं नाही, बाथरूमला जाणं नाही. थर्मामीटर जिभेखाली, तोंड बंद आणि त्याआधी निदान तीन-चार तासांची सलग झोप. यासाठी दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा वेगळा थर्मामीटर मिळतो. मी डिचोलीच्या फार्मसीतून साधा डिजिटल आणला, फॅरनहाइटचा. फॅरनहाइटमध्ये एका दशांशाचा फरकही पुरेसा बारीक असतो, तेव्हा महागडं काही आणायची गरज पडली नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आलेखाच्या वहीत खाली तारखा, बाजूला तापमान. मोबाइलवर एक ॲपही घेतलं होतं, पण ते काही भरायच्या आधीच चौदाव्या दिवशी बीज सुटल्याचं फूल काढून मोकळं व्हायचं. वही बरी.

घरात लपवणं अवघड. थर्मामीटरचा बीप ऐकून पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी दारातून विचारलं, ‘काय गो, जोर आयला?’ ताप नाही म्हटल्यावर रोज उठून थर्मामीटर कशाला, हे त्यांना कळेना. शेवटी नवऱ्याने खरं ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, ‘मग सकाळी तुका हांव उलो मारचें ना.’ आणि खरंच, बीप झाल्याशिवाय हाक मारायच्या थांबल्या. या सगळ्या काळात कुणी केलेली ही सगळ्यात मोठी मदत.

पहिली पाळी चवथीच्या तोंडावर आली. चवथीत गोव्यातल्या सुनेची झोप काय असते, ते वेगळं सांगायला नको. रात्री नेवऱ्या तळायच्या, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान निवडायचं, पहाटे पुन्हा सोवळ्यातला स्वयंपाक. त्या दिवसांचे आकडे वर-खाली उड्या मारत होते. पुढे पावसाच्या रात्री वीज गेली, पंखा थांबला, झोप मोडली, की तोच प्रकार. सर्दी-तापाचंही तसंच. बहिणीने सांगितलं, असे आकडे लिहायचे पण शेजारी खूण करायची आणि मोजताना सोडून द्यायचे. एका सकाळच्या आकड्याला काही अर्थ नसतो. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचे असे लागोपाठ तीन दिवस मिळाले, तरच बीज सुटलं असं धरायचं.

दुसऱ्या पाळीचा आलेख मात्र डोळे मिटूनही वाचता आला असता. विसाव्या दिवसापर्यंत ९७.२, ९७.३ असं रेंगाळत आणि मग ९७.८, ९७.९. तिथून पाळी येईपर्यंत तेरा दिवस वरच. तिसरा आलेख जवळजवळ तसाच.

म्हणजे बीज सुटत होतं, फक्त चौदाव्या दिवशी नाही, विसाव्याच्या आसपास. आणि एकविसाव्या दिवशी घेतलेल्या रक्तात प्रोजेस्टेरॉन कुठून सापडणार? ते तर तेव्हा कुठे वाढू लागलेलं. ही तपासणी पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची असते. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत तो दिवस एकविसावा येतो, माझ्यात सव्विसावा-सत्ताविसावा. आलेख घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी त्या हिशेबाने तपासणी केली आणि आकडा व्यवस्थित आला. गोळ्यांची चिठ्ठी फाइलमध्येच राहिली.

आता या पद्धतीची खरी अडचण. तापमान चढलं, म्हणजे बीज सुटून गेलेलं असतं. बीज जगतं बारा ते चोवीस तास, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. तेव्हा कामाचे दिवस असतात ते बीज सुटण्याच्या आधीचे पाच आणि तो एक. तापमान चढलेलं बघून नवऱ्याला हाक मारणं म्हणजे बस गेल्यावर स्टॉपवर पोचणं. आलेखाचा उपयोग पुढच्या महिन्याचा अंदाज बांधायला. त्या महिन्यात आधी सूचना देतो तो अंगावरून जाणारा स्राव. तो पारदर्शक, निसरडा, ताणला तर तार धरणारा झाला, की दिवस जवळ आले. बीज सुटण्याआधी वाढणारं एलएच हे संप्रेरक लघवीत तपासायच्या पट्ट्याही मिळतात, त्या साधारण एक-दीड दिवस आधी कळवतात. मी दोन्ही वापरलं. स्रावाने मला एकदाही दगा दिला नाही.

आम्ही तोवर बाराव्या ते पंधराव्या दिवसांत जीव तोडून प्रयत्न करायचो आणि मग हुश्श करून गप्प बसायचो. नवरा वेर्ण्याच्या कंपनीत पाळ्यांमध्ये काम करतो. आलेख हातात आल्यावर त्याने पंधरा ते विसाव्या दिवसांत रात्रपाळी येणार नाही, अशी बदलाबदल करून घेतली. त्याची वीर्यतपासणीही याच काळात झाली. ती खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवी. स्वस्त, सोपी, सुई नाही, काही नाही. पण आपल्याकडे सुनेचं पोट दोन-तीनदा तपासून झाल्याशिवाय मुलाचं नाव निघत नाही.

हे सगळ्यांना जमेल असं नाही. रात्रपाळी करणाऱ्या बाईला किंवा पाळीच दोन-दोन महिने न येणारीला यातून मनस्तापच मिळेल. पस्तिशी ओलांडली असेल, तर सहा महिन्यांच्या प्रयत्नांनंतर थर्मामीटर बाजूला ठेवून तज्ज्ञ गाठावा. वय पस्तिशीच्या आत असेल, तर थांबायची मुदत एक वर्ष. आणि फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी प्रयत्न सुरू करतानाच चालू करायची असते. मला ती बहिणीनेच सांगितली.

एका महिन्यात तापमान चढलं ते उतरेचना. अठरा दिवस वर राहिलं तर दिवस गेल्याची शक्यता बरीच, हे वाचलेलं होतं, पण मी तितकी थांबले नाही. किट आणलं, दोन रेघा.

शेवटच्या पाळीपासून मोजून सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी केली. गर्भाभोवतीची पिशवी दिसली, ठोके नाहीत. सोनोग्राफी करणाऱ्या बाईंचा चेहरा बदललेला मला दिसला. मी वही पुढे केली. शेवटच्या पाळीवरून आठवडे मोजताना बीज चौदाव्या दिवशी सुटलं असं गृहीत धरलेलं असतं, म्हणजे माझा गर्भ हिशेबापेक्षा जवळजवळ आठवड्याने लहान होता. पाच आठवड्यांना पिशवीच दिसते. त्या आलेख बघून हसल्या आणि दहा दिवसांनी बोलावलं. तेव्हा ठोके दिसले.

फाइलवरची प्रसूतीची तारीख खोडून आठवडाभर पुढची घातली गेली. सासूबाईंना ती मान्य नाही. त्या पाळीपासून बोटांवर मोजतात आणि माझ्या आईलाही त्यांनी फोनवरून जुनीच तारीख कळवली आहे.